शितावरून भाताची परीक्षा: चित्रे समाजांविषयीची आपली मते कशी घडवतात

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी जून महिन्यात एकच विषय देते: शेतकऱ्याचे चित्र काढा. आमची शाळा कोल्हापूर शहराच्या कडेला, करवीर तालुक्यात आहे आणि वर्गातली निम्म्याहून अधिक मुले शेतकरी घरांतली आहेत. तरीही तास संपताना माझ्या टेबलावर जमलेल्या कागदांवर बहुतेक वेळा एकच माणूस उभा असतो. डोक्याला फेटा, अंगात बंडी, खाली धोतर, हातात नांगराचे रुमणे, पुढे बैलजोडी आणि मागे दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य. गेल्या वर्षी ज्या मुलाने हे चित्र सर्वांत सुबक काढले, त्याच्या घरी बैल नाहीत. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, वडील पँट-शर्टात मोटारसायकलच्या मागे वैरणीचा भारा बांधून आणतात, आणि उसाची लावण, भांगलण, म्हशीची धार काढणे, डेअरीला दूध घालणे ही बारमाही कामे आई करते. तुमच्या घरात शेतकरी कोण, असे मी त्याला विचारले. तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "घरातलं काढायचं होतं व्हय, मॅडम? तुम्ही शेतकऱ्याचं काढा म्हटलासा की."

त्याचे उत्तर चुकीचे नव्हते. 'शेतकरी' हा शब्द ऐकताच त्याच्या मनात जो माणूस उभा राहिला, तो त्याने पाठ्यपुस्तकात, दिनदर्शिकेवर, खतांच्या पोत्यांवर, निवडणुकीच्या फलकांवर आणि टीव्हीवर शेकडो वेळा पाहिलेला होता. रोज समोर दिसणारी आई ही त्याच्या लेखी आई होती. त्या शब्दात ती बसतच नव्हती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले मागे सरते आणि छापून आलेले पुढे येते, ते नेमके कसे, हे मला या लेखात शक्य तितक्या साध्या भाषेत सांगायचे आहे.

यासाठी इंग्रजीतून आलेला 'स्टिरिओटाइप' हा शब्द मुळात छापखान्यातला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फर्मां दिदो या फ्रेंच मुद्रकाने तो रूढ केला. सुटे खिळे जुळवून एक पान तयार करायचे, त्या पानावरून साचा घ्यायचा आणि साच्यात धातूचा रस ओतून संपूर्ण पानाचा एकसंध पत्रा घडवायचा, अशी ती पद्धत होती. फायदा उघड होता: खिळे दुसऱ्या कामाला मोकळे होत आणि त्या पत्र्यावरून हवे तितके छाप काढता येत. मात्र एकदा पत्रा ओतला की त्यातले एखादे अक्षर चुकलेले आढळले तरी ते सहज बदलता येत नसे. १९२२ मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने हाच शब्द माणसाच्या मनाला लावला. जग इतके अफाट आहे की त्याचा फार थोडा भाग आपण प्रत्यक्ष पाहतो. उरलेल्या जगाविषयी आपण डोक्यातल्या चित्रांच्या आधाराने वागतो, असे त्याचे म्हणणे होते. मराठीत आपण त्याला साचेबद्ध प्रतिमा म्हणतो आणि छापखान्याचा अर्थ त्यात नकळत टिकून राहिला आहे, हे मला फार समर्पक वाटते.

अशी चित्रे मनात असणे हा काही गुन्हा नव्हे. प्रत्येक नवी वस्तू, प्रत्येक नवा माणूस मुळापासून समजून घ्यायला गेलो तर रंकाळ्यावरून महाद्वार रोडपर्यंत पोहोचायलाही दिवस पुरणार नाही. मन गट पाडते, ठोकताळे बांधते आणि वेळ वाचवते. गडबड होते ती हे ठोकताळे कोणत्या मालमसाल्यातून बांधले जातात यामुळे. १९३३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या शंभर विद्यार्थ्यांना दहा समाजांची यादी देऊन त्यांची स्वभाववैशिष्ट्ये निवडायला सांगण्यात आले. तुर्की लोक क्रूर असतात, यावर त्यांच्यातल्या पुष्कळांचे एकमत झाले. त्या काळात त्या विद्यार्थ्यांची एखाद्या तुर्की माणसाशी ओळख झालेली असण्याची शक्यता फारच थोडी होती. माणूस भेटायच्या आधीच त्याचे चित्र पोहोचले होते.

आता लोकांना वाटते की असे ग्रह खोट्या बातम्यांमुळे किंवा कुणीतरी जाणूनबुजून केलेल्या अपप्रचारामुळे तयार होतात. तसेही होते, पण मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकाराची, ज्यात प्रत्येक चित्र खरे असते आणि तरी त्यांची बेरीज खोटी येते. हे समजण्यासाठी १९७६ सालचा एक प्रयोग उपयोगी आहे. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना माणसांच्या वागण्याविषयीची ३९ वाक्ये वाचायला दिली. त्यांतील २६ वाक्ये 'अ' गटातील माणसांविषयी आणि १३ वाक्ये 'ब' गटातील माणसांविषयी होती. हे गट पूर्णपणे काल्पनिक होते; त्यांना ना जात होती, ना धर्म, ना प्रांत. 'अ' गटाची १८ वाक्ये चांगल्या वागण्याची आणि ८ वाईट वागण्याची होती, तर 'ब' गटाची ९ चांगली आणि ४ वाईट होती. म्हणजे चांगल्या-वाइटाचे प्रमाण दोन्हीकडे तंतोतंत सारखे, नऊस चार. तरीही वाचून झाल्यावर लोकांना वाटले की 'ब' गटातील माणसे अधिक वाईट वागतात.

याचे कारण साधे आहे. जे कमी वेळा दिसते ते नजरेत भरते. 'ब' गट लहान असल्यामुळे नजरेत भरत होता आणि वाईट वागणूक तुलनेने कमी असल्यामुळे तीही नजरेत भरत होती. या दोन विरळ गोष्टी जेव्हा एकत्र येतात, तेव्हा मनात त्यांची गाठ बसते. प्रयोगशाळेत, कुणाविषयी कसलाही राग-लोभ नसताना जर हे घडते, तर रोजच्या वर्तमानपत्रात काय होत असेल, याचा विचार करावा. बहुसंख्य समाजातला मुलगा चोरीत सापडला तर मथळा येतो 'तरुणास अटक'. तोच मुलगा बिहारचा असेल तर 'परप्रांतीय तरुणास अटक' होते. दोन्ही मथळे खरे आहेत. पण पहिल्या मथळ्यातली चोरी त्या एका तरुणाची राहते आणि दुसऱ्यातली संपूर्ण प्रांताच्या नावावर जमा होते.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ही परीक्षा भाताला लागू पडते, कारण एका भांड्यातली सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसांचा समाज असा एका आचेवर शिजत नाही. त्यातही बातमीदार किंवा कॅमेरा जे शीत उचलतो, ते डाव हलवून सहज हाताला लागलेले शीत नसते. करपलेले तेवढे वेचून काढलेले असते, कारण बातमी करपलेल्याचीच होते.

मोबाइलमुळे हे वेचणे आता कुणालाही करता येते. जून २०२३ मध्ये काही जणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव निर्माण झाला, दगडफेक झाली आणि काही काळ इंटरनेट बंद ठेवावे लागले. स्टेटस मोजक्या फोनवर होते. भीती मात्र पूर्ण वस्त्यांनी भोगली. हे ज्या शहरात घडले, त्याच शहराच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेबांनी गायनसेवा केली, येथेच आबालाल रहमान यांनी आपली निसर्गचित्रे रंगवली आणि येथल्या कित्येक तालमींत मोहरमचे पंजे बसतात तेव्हा त्यांची व्यवस्था हिंदू घरांकडेही असते. या गोष्टी कोल्हापूरकरांना ठाऊक नाहीत असे नाही. पण ज्ञान आणि चित्र यांची झटापट होते तेव्हा चित्र लवकर पोहोचते.

चित्र किती खोल पोहोचते, हे फ्रँकलिन गिलियम आणि शांतो अय्यंगार यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. लॉस एंजेलिस भागातील प्रेक्षकांना त्यांनी स्थानिक बातमीपत्र दाखवले. त्यात एका हिंसक गुन्ह्याची बातमी होती. काहींना त्यात कृष्णवर्णीय संशयिताचा चेहरा दिसला, काहींना गोऱ्या संशयिताचा, आणि काहींना दाखवलेल्या बातमीत संशयिताचा उल्लेखच नव्हता. या शेवटच्या गटातील ६० टक्क्यांहून अधिक लोकांनी नंतर सांगितले की आपण संशयिताला पाहिले. आणि असे सांगणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांना तो कृष्णवर्णीय असल्याचे 'आठवत' होते. बातमीत चौकट रिकामी होती. आधीच्या असंख्य बातम्यांनी घडवलेला चेहरा प्रेक्षकांनी स्वतःच तेथे बसवला. हे वाचल्यापासून साक्षीदाराची आठवण या गोष्टीकडे मी पूर्वीच्या विश्वासाने पाहू शकलेले नाही.

हा दूरदेशीचा प्रकार समजून सोडून देऊ नये. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातील जाती-जमातींची छायाचित्रे आठ खंडांत प्रसिद्ध केली. त्यांत व्यक्तीला व्यक्ती म्हणून स्थान फारसे नव्हते. ती आपल्या जमातीचा नमुना म्हणून कॅमेऱ्यापुढे बसवलेली होती आणि सोबत त्या जमातीच्या स्वभावाचे वर्णन होते. याच काळात, १८७१ मध्ये, काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा झाला आणि १९११ मध्ये त्याचा विस्तार होऊन मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. छायाचित्र, सरकारी नोंद आणि कायदा एकमेकांना दुजोरा देत राहिले. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी आणि बेरड समाजांतील माणसांना गावकामगारापुढे रोज हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. ज्या फासेपारध्यांकडे सारे चोर म्हणून पाहत, त्यांना महाराजांनी पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या, म्हणजे ज्याच्यापासून राखण करायची असे लोक समजत, त्याच्याच हाती राखण सोपवली. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण आजही दरोड्याच्या बातमीत 'पारधी टोळी' हे शब्द किती सहज येतात, ते पाहिले म्हणजे कायद्याचा पत्रा मोडूनही त्याचा छाप निघतच राहतो, असे दिसते.

आपण कोल्हापूरकर साच्यात घातले जाण्याचा अनुभव स्वतःही घेत असतो. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात 'कोल्हापुरी' म्हणजे तिखटजाळ. ज्याने येथे घरचे मटण खाल्ले आहे, त्याला माहीत असते की तांबड्या रश्श्याला चव येते ती कांदा-लसूण मसाल्याने, भाजलेल्या खोबऱ्याने आणि तिळा-खसखशीने. शेजारच्या वाटीतला पांढरा रस्सा तर सौम्य असतो. पडद्यावरची तालीम म्हणजे लाल माती आणि मिशांना पीळ देणारा, हाताने बळकट पण डोक्याने बेताचा गडी. प्रत्यक्षात आमच्या पेठांमधल्या पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशा मंडळांचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांसाठी गल्लीच्या गल्ल्या रिकाम्या होतात. नेमबाजीत २०१० साली विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत याच शहराची आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसळे राधानगरी तालुक्यातला. रायफल घेऊन श्वास रोखून उभा राहणारा हा शांत खेळाडू 'रांगड्या कोल्हापूरकरा'च्या चित्रात कुठे बसवायचा? हिंदी चित्रपटांत मराठी बाई दिसली की ती मोलकरीण आणि मराठी पुरुष दिसला की तो हवालदार, याचा आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे. मात्र आपल्या मालिकांतले मारवाडी पात्र येताच व्याजाचा हिशेब का मांडू लागते आणि ख्रिस्ती पात्राच्या हातात पेला का असतो, हे आपण तितक्याच तळमळीने विचारत नाही.

कोल्हापूर हे चित्रपटांचे गाव असल्यामुळे साचा कसा ओतला जातो, हेही येथे जवळून पाहता येते. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट केला, तेव्हा कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरी करायला जाणारा शेतकरी पडद्यावर येणे ही धाडसाची गोष्ट होती. देवादिकांच्या कथांच्या काळात त्यांनी शेजारचा माणूस दाखवला. जे प्रथम दाखवताना डोळस निरीक्षण होते, ते पुढच्यांनी न पाहता उचलले म्हणजे त्याचाच साचा बनतो. मालिकेचा भाग रोज द्यायचा असतो, लेखकाला वेळ नसतो, प्रेक्षकाला पात्र दोन सेकंदांत ओळखू यायला हवे असते. मग नायकाला स्वभाव मिळतो आणि बाजूच्या पात्रांना नुसता पेहराव मिळतो. आमच्या शेजारच्या एका बाईंना एका चित्रीकरणात 'गावातल्या बाया' म्हणून उभे राहण्यासाठी बोलावले होते. त्या जन्मापासून गावातच राहिलेल्या आहेत आणि नेहमीची सहावारी नेसून वेळेवर गेल्या. तेथे त्यांना सांगण्यात आले की हे लुगडे गावचे वाटत नाही, आणि त्यांना भाड्याची नऊवारी नेसवण्यात आली. घरी आल्यावर त्या मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपलेच काहीतरी कमी पडले, असा सूर होता. तो सूर मला अजून छळतो.

काही समाजांना तर चुकीचे चित्रही मिळत नाही. ते चौकटीतच नसतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे. या चपलेची छायाचित्रे जगभर फिरतात. कातडे कमावणारा, पायताणाचा तळ कापणारा कारागीर आणि चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालणारी त्याच्या घरातली बाई मात्र त्या छायाचित्रांत क्वचितच दिसते. जॉर्ज गर्बनर आणि लॅरी ग्रॉस या संशोधकांनी १९७६ मध्ये माध्यमांतल्या अशा अनुपस्थितीला प्रतीकात्मक उच्छेद म्हटले होते. शब्द कठोर आहे, पण जो कधी दिसत नाही त्याच्या सुखदुःखाची दखलही घेतली जात नाही, हा त्यातला मुद्दा खरा आहे.

आणि दयेचेही साचे असतात, ज्यांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. सुसान फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की आपण समाजांना दोन प्रश्नांवर तोलतो: हे लोक आपल्याशी प्रेमळ आहेत का, आणि ते कर्तबगार आहेत का. प्रेमळ पण कर्तबगार नाहीत, असे ज्यांच्याविषयी वाटते त्यांची आपण कीव करतो. उलट प्रकारच्यांचा हेवा करतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून येणारे ऊसतोड कामगार हे आमच्या भागातले कीव करण्याचे हक्काचे विषय आहेत. दर हंगामात वर्तमानपत्रांत डोक्यावर मोळी घेतलेली बाई, खोपीपुढचे उघडे मूल किंवा ट्रॉलीचा अपघात दिसतो. त्यांचे हाल खरेच आहेत आणि ते छापलेच पाहिजेत. पण ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल, तोडीचा दर, मुकादमाचे कमिशन यांचा गुंतागुंतीचा व्यवहार ही माणसे वर्षानुवर्षे सांभाळतात, हे त्या छायाचित्रात कुठेच येत नाही. येते ते फक्त हाल.

चित्रे बदलली तर मन बदलते का, याचे उत्तर काही प्रमाणात होकारार्थी आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. फक्त २८ मुलांनी स्त्री शास्त्रज्ञ काढली, आणि त्या २८ ही मुलीच होत्या. अमेरिकेत पुढे १९८५ ते २०१६ या काळात झालेल्या अशाच अभ्यासांत स्त्री शास्त्रज्ञ काढणाऱ्या मुलांचे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत गेले. मधल्या काळात प्रयोगशाळांत, पुस्तकांत आणि दूरचित्रवाणीवरही स्त्रिया वाढल्या होत्या. मात्र याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली: सहा वर्षांच्या मुलींपैकी ७० टक्के मुली स्त्री शास्त्रज्ञ काढत, आणि सोळाव्या वर्षी हे प्रमाण २५ टक्क्यांवर येई. मधल्या दहा वर्षांत शाळा आणि माध्यमे दोन्ही येतात, हे शिक्षिका म्हणून मला नजरेआड करता येत नाही. भारतातही रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ मध्ये दाखवले की खेड्यांत केबल टीव्ही आल्यावर बायकोला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले आणि मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या पडद्यावरील चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून देताना, अपंगत्वाची खिल्ली उडवणारा विनोद आणि ते समजून घ्यायला मदत करणारा विनोद यांत स्पष्ट फरक केला. तरी न्यायालय काय किंवा सरकार काय, त्यांचा हात पडद्यापर्यंत पोहोचतो. पाहणाऱ्याच्या नजरेला वळण लावायचे काम वर्गात आणि घरातच करावे लागते.

म्हणून गेल्या हंगामात मी नववीच्या मुलांना वर्तमानपत्रातले एक कात्रण दिले. छायाचित्रात उसाच्या ट्रॉलीवर बसलेली एक बाई होती आणि खाली ओळ होती: 'पोटासाठी वणवण: ऊसतोड मजूर महिला'. आमच्या शाळेमागच्याच फडात टोळी उतरलेली होती. मुले दुपारच्या सुट्टीनंतर माझ्यासोबत तेथे गेली, मुकादमाची परवानगी घेतली आणि ट्रॉली भरून होईपर्यंत बांधावर थांबली. एका बाईंनी त्यांना आपली वही दाखवली. वहीत प्रत्येक खेपेची तारीख आणि वजन लिहिलेले होते, कारण आदल्या वर्षी वजनावरून वाद झाला होता आणि त्यांच्याजवळ लेखी काही नव्हते. अकराव्या हंगामाला आल्या होत्या, कोयत्याची धार स्वतःच लावत होत्या आणि मुलीला गावी आजीकडे ठेवून बारावीला बसवले होते. परत आल्यावर मी मुलांना सांगितले की या बाईंचे छायाचित्र आहे असे समजा आणि त्याखालची ओळ लिहा. नाव, गाव, हंगाम, वही, मुलीची बारावी, काहीच गाळायला कुणी तयार होईना. ओळीच्या तीन ओळी झाल्या. पेपरात एवढी जागा कोण देणार, असे एका मुलाने विचारले. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग फोटो थोडा बारका करा की."